पाकिटाची मागची बाजू

समस्त ग्रामस्थ, सोयरेधायरे आणि मांडवाच्या कडेला उभं राहून जेवणाचा वास घेणारी मंडळी, कृपया शांतता राखावी. अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की आमच्या घरी हिंगाच्या डबीला अटक झाली आहे. तिच्या पोटात गव्हाचं पीठ सापडलं. सोया सॉसच्या बाटलीने गुन्हा कबूल केला आहे. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची चौकशी झाली असून माल्ट नावाचा त्याचा साथीदार पकडला गेला आहे. जनतेने घाबरून जाऊ नये. भात सुरक्षित आहे.

माफ करा, ही माइकची सवय. वसईकडच्या आमच्या पापडी गावात किंवा आजूबाजूच्या गावांत कुणाचं लग्न असलं की माइक माझ्या हातात येतो. नवरानवरीला आत आणायचं, केक कापायला लावायचं, टोस्टसाठी सगळ्यांना ग्लास घेऊन उभं करायचं, आणि केटररचा टेम्पो अंबाडी रोडवर अडकला असेल तर तो येईपर्यंत लोकांना हसवत ठेवायचं, हे माझं काम. ऑफिसात मी मान खाली घालून बसणारा माणूस आहे. त्याची भरपाई मी मांडवात करून घेतो. पण गेली दोन-तीन वर्षं विचाराल तर माझा खरा धंदा वेगळाच झाला आहे. मी पाकिटं उलटी करतो.

बायकोमुळे. ती इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. कित्येक वर्षं ती थकलेली असायची, पोट फुगायचं, रक्त कमी व्हायचं, आणि आम्ही सगळे त्याला शाळा म्हणायचो. शाळेत दमते, पेपर तपासून दमते, वर घरचं करून दमते. तिच्या थकव्याला आमच्याकडे इतकी कारणं तयार होती की आजाराला आत शिरायला जागाच नव्हती. शेवटी एका वर्षी नाताळच्या आधी ती सणाचे मैद्याचे फुगे तळता तळता स्वयंपाकघरात खाली बसली आणि मग उठेना. वसईतल्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं, गहू बंद. गहू, जव, त्यांचे सगळे नातेवाईक. थोडा नाही, कधीतरी नाही, सणालासुद्धा नाही. तिच्या आतड्याला ते चालत नाहीत आणि आयुष्यभर चालणार नाहीत.

मी तर खूश झालो. म्हटलं, एवढंच ना? आम्ही भाताची माणसं. तांदळाची भाकरी, मासळीचा रस्सा, राजेळी केळी, सुकेळी. गहू आमच्याकडे पाहुणा म्हणून आला होता, त्याला नमस्कार करून निरोप द्यायचा, झालं. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांना माहीत होतं, हा पाहुणा एव्हाना घरातल्या प्रत्येक डब्यात पाय पसरून झोपलेला असतो.

ते मला पहिल्या महिन्याच्या किराण्याला कळलं. पूर्वी वाणसामान आणायला मला अर्धा तास लागायचा. आता सुपरमार्केटमध्ये मी शिरलो की सुरक्षारक्षक मला नजरेत ठेवतो, कारण पाकीट उचलून, उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून, नाकाला लावून वाचणारा आणि मग न घेता परत ठेवणारा माणूस त्याच्या शिकवणीत संशयित असतो. त्याचं चुकत नाही. मुंगीने वाचावीत अशी अक्षरं, तीही चकचकीत पिवळ्यावर पांढरी. ज्या कारागिराने ती छापली त्याला आयुष्यात कुणाला काही सांगायचंच नसावं. पुढच्या बाजूला शेतकरी हसतोय, कणीस डुलतंय, आजी प्रेमाने वाढतेय. मागच्या बाजूला स्टार्च, प्रथिनांचं काहीतरी, आकड्यांची रांग, आणि तळाशी एक ओळ, की हे जिथं तयार होतं तिथंच गव्हाचंही काही तयार होतं. म्हणजे आहे की नाही? ते आम्ही सांगणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि ज्या पाकिटावर सगळं स्वच्छ ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याच्या नेमक्या त्याच जागेवर दुकानदाराने किमतीचा स्टिकर डकवलेला असतो. मी नखाने स्टिकर उचकटतो. मग सुरक्षारक्षक जवळ येतो.

पहिले काही महिने मला त्यात मजा वाटली, खोटं कशाला बोलू. घरी येऊन मी पिशवीतून एकेक वस्तू काढायचो आणि कोर्टातल्या शिपायासारखी पुकारायचो. ही पापडाची बाई निर्दोष. हा सूपचा गृहस्थ खोटारडा. बायको हसायची. मग हसणं कमी झालं. कारण मी दोषी ठरवायचो ती वस्तू तिच्या ताटातून जात होती. माझ्यासाठी तो खेळ होता. तिच्यासाठी फुगे गेले, पाव गेला, शाळेतल्या वाढदिवसांचा केक गेला, लग्नातल्या जेवणाचा मोठा भाग गेला. चंदनसारला तिच्या बहिणीने नवीन फ्लॅट घेतला, तिथल्या घरभरणीला ती डबा घेऊन गेली आणि सगळे चायनीज खात असताना खिडकीशी उभी राहून भात खाऊन आली. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली की फ्लॅट हवेशीर आहे.

दिवाळीला शेजारच्या वाडीतून फराळाचं ताट येतं, आणि नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. माझ्या आजोबांच्या काळापासूनची ही येजा आहे, आणि ताट रिकामं परत करायचं नसतं. त्या वर्षी त्यांच्या सुनेने मुद्दाम करंज्या-शंकरपाळे वगळून तांदळाच्या चकल्या केल्या आणि स्वतः घेऊन आली. बायकोला भरून आलं. मी मात्र उभ्याउभ्या विचारलं, हिंग कुठला घातला? सून बिचारी डबी आणायला घरी पळाली. डबी उलटी केली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. चकल्या मी खाल्ल्या. छान होत्या. पण ती सून दारात उभी होती आणि तिच्या हातात डबी होती, ते दृश्य काही छान नव्हतं. माणसांच्या मायेचीही मागची बाजू वाचायची वेळ यावी, याचा फार शीण येतो.

आता मावशींचा प्रवेश. या आमच्या सख्ख्या मावशी नाहीत, वाडीपलीकडच्या शेजारी, सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहतात. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं आणि त्या सगळ्या गावाला अरेतुरे करतात. जांभळाची वाइन त्यांच्यासारखी कुणाची होत नाही, आणि ती चांगली झाली आहे की नाही हे त्या वर्षभर स्वतः तपासत असतात. अॅलर्जी हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आमच्या वेळी काय पोटं नव्हती का, हे त्यांचं म्हणणं. हे पगारदारांचे आजार आहेत, दोन वेळा विहिरीचं पाणी ओढलं असतं तर दगडसुद्धा पचले असते.

यात मसाल्याचं भांडण मिसळलं. दर उन्हाळ्यात मावशी आणि माझी बायको मिळून वर्षाचा मसाला करतात. मिरच्या वाळवायच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं, कुटून आणायचं आणि बाटल्यांत दाबून भरायचं. पाकिटांचा मी एवढा मोठा न्यायाधीश, पण घरातल्या बाटलीला मागची बाजूच नव्हती, म्हणून तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. त्या वर्षी मिरच्या अंगणात पसरल्या आणि मावशींनी नेहमीसारखे मूठभर गहू भाजायला घेतले तेव्हा बायकोच्या हातातला झारा थांबला. एवढे महिने आम्ही सूप आणि सॉस पकडत होतो आणि रोजच्या रश्शात गहू आमच्याच हाताने पडत होता. तिने सांगितलं, यंदा गव्हाऐवजी तांदूळ भाजू. मावशींनी भांडं खाली ठेवलं. गव्हाशिवाय रस्सा धरत नाही, म्हणाल्या, आणि माझ्या मसाल्याने आजवर कुणी मेलं नाही. त्या उन्हाळ्यात दोघींनी आपापला मसाला केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पण आम्हाला वाटलं, चला, चोर सापडला. आता रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा खाली येणार.

रिपोर्ट खाली आला नाही. म्हणजे आला, पण मनातून न आल्यासारखा. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, कुठून तरी अजून जातोय. फार नाही, पण रोज. त्यांनी सकाळपासून सगळं विचारायला घेतलं.

"उठल्यावर पहिलं काय घेता?"

"काही नाही," बायको म्हणाली. "आधी मिस्सा. मिस्साला मी रिकाम्या पोटी जाते. तिथून आल्यावर चहा आणि तांदळाची भाकरी."

डॉक्टर आमच्या धर्माचे नव्हते. त्यांनी रिकामं पोट लिहून घेतलं. मी शेजारी बसून मान डोलावली. ती खरंच रोज चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जाते, शाळेच्या आधी, लग्न होऊन आली तेव्हापासून. आजारपणात, पावसात, परीक्षांच्या दिवसांतसुद्धा. तिच्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट कुणासाठी केलेली नसते.

औषधाचं कव्हर, टूथपेस्ट, लिपस्टिक, सगळं तपासून झालं. काही निघेना. मग ज्याची मला भीती होती ते सुरू झालं. गावाने कारण शोधून काढलं. मावशींनी कुणाला तरी सांगितलं, त्यांनी अजून कुणाला, आणि ते फिरून माझ्याकडे आलं, की बाई बेकरीच्या दारात दिसली होती. दिसली होतीच. माझा पाव आणायला गेली होती. पण रिपोर्टचा कागद हातात असला की माणूस पुरावा शोधायला लागतो. एका संध्याकाळी ती अंगणात कपडे काढत होती आणि मी तिची शाळेची पिशवी उघडून आत नाक घातलं. बिस्किटाचा वास येतो का बघत होतो. ती दारात कधी आली मला कळलं नाही.

"खालच्या कप्प्यात पण बघा," ती म्हणाली. आणि घड्या घालायला बसली.

त्यानंतर तिने मला पाकिटांबद्दल विचारणं बंद केलं. मी आणलं ते शिजवायची, वाढायची, स्वतः भात आणि मासळी खायची. तिचं वजन कमी होत होतं. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला पुन्हा नळी घालून पाहावं लागेल म्हटलं होतं, आणि जे दिसेल त्यावर जास्त कडक औषधं. मी सुपरमार्केटमध्ये उभा राहायचो, पाकीट हातात, अक्षरं डोळ्यांपुढे तरंगायची, आणि मला कळायचंच नाही की मी काय शोधतोय. तिला वाचवायला शोधतोय की पकडायला.

मग चर्च साफ करायची पाळी आमच्या आळीवर आली. आमच्याकडे आळीआळीने पाळी असते. बाया फुलं आणि वेदीवरची वस्त्रं बघतात, पुरुष शिड्या धरतात, पंखे पुसतात आणि शिडी धरून दमले म्हणून चहा पितात. मावशींनी मला सॅक्रिस्टीत पाठवलं. वेदीमागची ही खोली, जिथे फादर मिस्साचे कपडे घालतात आणि मिस्साचं सगळं सामान कपाटात असतं. मला मेणबत्त्यांचं खोकं हवं होतं. ते एका प्लास्टिकच्या पाकिटाच्या खाली होतं. पाकीट मी उचललं, खोकं काढलं, आणि पाकीट जागेवर ठेवता ठेवता ते उलटं केलं.

मला काही शोधायचं नव्हतं. शपथेवर सांगतो. हाताला सवय लागली होती.

आत पातळ पांढऱ्या चकत्या होत्या, रचून ठेवलेल्या. मिस्सात ख्रिस्तप्रसाद म्हणून फादर प्रत्येकाच्या जिभेवर ठेवतात त्या, पण वेदीवर जायच्या आधीच्या. कुठल्याशा कॉन्व्हेंटमधून सिस्टर करून पाठवतात. मागे छोटं लेबल होतं, सुबक अक्षरांत, एवढं स्वच्छ लेबल मी दोन वर्षांत वाचलं नव्हतं. गव्हाचं पीठ आणि पाणी. बाकी काही नाही.

मी खोकं तसंच धरून उभा राहिलो. बाहेर कुणीतरी पंख्याची धूळ खाली पाडली म्हणून बाया ओरडत होत्या. मला लहानपणी धर्मशिक्षणात शिकवलेलं सगळं पाठ होतं. गव्हाची भाकर, द्राक्षांचा रस. परीक्षेला विचारलं असतं तर पूर्ण गुण. तीसुद्धा तेच शिकवते मुलांना. आणि तरी आम्हा दोघांना, फुग्यांपासून हिंगापर्यंत सगळ्यांच्या मानगुटी धरणाऱ्यांना, हे कधी सुचलं नव्हतं. कारण ते आम्ही खात नाही. आम्ही ते घेतो. जिभेवर आलं की ते गहू राहत नाही, आम्ही तसंच मानतो आणि तसंच वाढलो. मानण्यात आमची काही चूक झाली नव्हती. फक्त आतडं धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलं नव्हतं.

घरी येऊन सांगायला मला माइकचा कुठलाही आवाज सापडला नाही. ती मासळी साफ करत होती. मी लेबलावर काय लिहिलंय ते सांगितलं. तिचा हात चालूच राहिला. मला वाटलं ऐकलं नाही. मग तिने सुरी ठेवली, हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "आता तेही काढून घ्या माझं."

मी म्हटलं, मी नाही काढून घेत. ती म्हणाली, रोज एवढासा तुकडा, त्याने काय होणार? मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. ते म्हणाले, रोज असेल तर हो, तेवढ्यानेही होतं, आणि मला तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, डॉक्टर, तिने सांगितलं होतं. आपण रिकामं पोट लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस्साला गेली, पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उठली नाही. बाकावर गुडघे टेकून राहिली. बाकीची रांग तिच्यासमोरून पुढे सरकत होती. आमच्यासारख्या गावात हे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जी बाई रोज रांगेत उभी असते ती एक दिवस बसून राहिली, की गाव मनात हिशेब मांडतं. मोठं काहीतरी पाप आहे. कबुली झालेली नाही. आणि बाई साधी आहे, तेव्हा पाप कुणाचं असणार? संध्याकाळी मावशींनी मला कुंपणाशी गाठलं.

"खरं सांग, काय करून ठेवलंस तू?"

मी म्हटलं, मावशी, मी काही केलं नाही. त्या म्हणाल्या, नवरे असंच म्हणतात. मी त्यांना गव्हाचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. ख्रिस्तशरीराने कुणाचं पोट दुखत नाही, म्हणाल्या, तोंड सांभाळ. आणि मला मनातून पटलंही. तोच तर सगळा घोळ होता.

ती आठवडाभर बाकावर बसली. तब्येतीला आराम पडायला लागला, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, बरं वाटतंय, आणि डोळे भरून आले. मी खूप लग्नं निभावून नेली आहेत. मांडवात वीज गेली, नवरदेव रुसला, पाऊस आला, माझं तोंड कधी बंद पडलं नाही. त्या दिवशी मी फक्त कप उचलून विसळायला नेला.

शेवटी तिला घेऊन मीच फादरांकडे गेलो. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आजार कधीपासून, ते विचारलं. ते स्वतः दमलेले दिसत होते, तीन अंत्यविधी करून आलेल्या माणसासारखे. म्हणाले, गहू पूर्ण काढून चालत नाही, मग तो ख्रिस्तप्रसाद राहत नाही. अगदी नावापुरता गहू असलेल्या चकत्या मिळतात, पण एवढ्या नाजूक प्रकृतीला त्याही नकोत. तुम्ही प्याल्यातून द्राक्षरस घ्या. वेगळा छोटा प्याला ठेवू, कारण माझ्या प्याल्यात मी भाकरीचा तुकडा टाकतो.

 मग तिने विचारलं ते मी विसरणार नाही. "फादर, म्हणजे अर्धंच मिळाल्यासारखं नाही ना?"

"पूर्ण," ते म्हणाले. "एका थेंबातही पूर्ण."

ती सुटल्यासारखी खुर्चीत मागे टेकली. मग एकदम तिला दुसरीच काळजी लागली. सगळ्या गावासमोर पहाटे पहाटे वाइन? ती आयुष्यात मांडवातल्या टोस्टलासुद्धा ग्लास नुसता ओठांना लावते. फादर म्हणाले, मी ओठांना लावण्याइतकीच ओतणार आहे.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, पुढचा रिपोर्ट खाली आला. डॉक्टरांनी या वेळी कागद एकदाच पाहिला. पाकिटं उलटी करणं मात्र सुटलेलं नाही, सुटणारही नाही. अजून मी नखाने स्टिकर उचकटतो, अजून सुरक्षारक्षक जवळ येतो. आता तो चष्मा पुसायला रुमाल देतो.

पण त्या पहिल्या दिवशी रिपोर्टची कुणाला आठवण नव्हती. मिस्साला नेहमीची पहाटेची माणसं, खोकला, ओल्या चपला. मीसुद्धा गेलो होतो, जो एरवी रविवारीच उठतो. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली आणि बायको उठली. सगळ्या बाकांना ते दिसलं. ती रांगेत उभी राहिली तसं तिच्या मागे मावशींनी पटकन जागा धरली, जवळून बघायला मिळावं म्हणून. रांग सरकली. बायकोची पाळी आली. फादरांनी हातातली चकत्यांची वाटी शेजारी उभ्या वेदीसेवकाकडे दिली आणि वेदीवरून तो छोटा प्याला उचलला. चर्चमध्ये खोकलासुद्धा थांबला.

"ख्रिस्ताचे रक्त."

"आमेन," ती म्हणाली. तिने दोन्ही हातांनी प्याला धरला, एक घोट घेतला, आणि डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली. मी तिचा चेहरा बाजूने पाहिला. किती दिवसांनी तिच्या तोंडात असं काहीतरी गेलं होतं, ज्याची मागची बाजू मला वाचायची नव्हती.

ती वळली. मावशी पुढे झाल्या. त्यांच्यासमोर फादरांनी नेहमीसारखी चकती धरली. मावशींनी चकतीकडे पाहिलं. मग प्याल्याकडे. मग पुन्हा चकतीकडे. आणि पहाटेच्या त्या शांततेत, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलून गेल्या,

"फादर, पोट तर माझंही दुखतं."